दगडूआबांचं नाव दिल्लीला गेलं

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे सलग सहा वर्षं लेख मागितला. खासदारांच्या कार्यालयात बसून काय काय पाहिलं ते लिहा, एवढीच त्यांची मागणी. सहाही वर्षं मी त्यांना हसवणारं काहीतरी लिहून दिलं. मेहुण्याने अबोला धरलाय, याची संसदेत विचारणा व्हावी म्हणणारा घनसावंगीकडचा गृहस्थ मी रंगवला. शेजाऱ्याचा कोंबडा अवेळी आरवतो म्हणून केंद्र सरकारकडे दाद मागणारे निवृत्त मुख्याध्यापक रंगवले. ही माणसं खरीच होती. पण त्यांच्याबद्दल लिहिताना दर वेळी मला ठाऊक होतं, की एक दुसरी गोष्ट लिहावी लागू नये म्हणून मी ही लिहितो आहे.

मी आता बहात्तरचा आहे. त्या दुसऱ्या गोष्टीतला माणूस या जगात नाही. तो कधी गेला, हे मात्र कागदावर एक आहे आणि खरं दुसरं आहे. त्या फरकाला मी जबाबदार आहे.

जालन्यात मस्तगडला एका कापड दुकानाच्या माडीवर आमच्या खासदारसाहेबांचं संपर्क कार्यालय होतं, आणि मी तिथला पीए. साहेबांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचा यात दोष नाही. त्यांना हे आजही माहीत नाही. दुकान आणि माडी वंशीलालजींची. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण वंशीलालजी जालन्याच्या बाहेर फारसे गेलेले नव्हते. तरी जालन्याहून थेट जोधपूरला गाडी हवी, हा त्यांचा हट्ट. रोज सकाळी जिना चढून ते आमचा पेपर वाचत आणि जाताना विचारत, "पीएसाब, गाडीचं काय झालं?" मी म्हणायचो, सिग्नल मिळाला नाही. आमचं दोघांचंही समाधान होई.

बाहेरच्यांना वाटतं, खासदार उभे राहतात आणि मनात येईल ते बोलतात. सभागृहातलं बहुतेक बोलणं आधी कुणीतरी कागदावर लिहिलेलं असतं, आणि तो कुणीतरी माझ्यासारखा असतो. लोक निवेदन घेऊन येत. त्यातलं काय कुणाचं, ते आधी मी वेगळं करायचो. नाली ग्रामपंचायतीची, डीपी वीज कंपनीची, रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग दिल्लीचे. दिल्लीचं असेल ते दिल्लीच्या चालीत बसवायचं. आम्ही जास्त वापरायचो तो लोकसभेचा नियम तीनशे सत्त्याहत्तर. अडीचशे शब्दांच्या आत मतदारसंघातली एक अडचण लिहून द्यायची. पाळी लागली तर खासदार ती वाचतात. सभागृहात गोंधळ चालू असेल, तर सगळ्यांचे कागद नुसतेच पटलावर ठेवले जातात. ठेवलं की ते बोलल्यासारखंच. छापील कार्यवाहीत ते शब्द जसेच्या तसे उतरतात आणि तिथून हलत नाहीत. पुढे त्या खात्याच्या मंत्र्यांचं उत्तर पत्राने येतं.

आणखी एक काम होतं. ते कुठल्या नियमात नाही. आम्ही त्याला वजन घालणं म्हणायचो. देशभरातून असे कागद येतात. सगळ्यांचे रस्ते खराब, सगळ्यांच्या गाड्या उशिरा. आपला कागद उचलला जावा तर त्यात काहीतरी जड हवं. दोन गावं असतील तिथे आम्ही पंचक्रोशी लिहायचो. दोघं पडले असतील तिथे अनेक जखमी. माझ्या संगणकात तयार मसुदे असत. मधे टिंबं सोडलेली. एका मसुद्यात असं वाक्य होतं: "सदर ठिकाणी ....... येथील रहिवासी श्री. ....... यांचा दुर्दैवी मृत्यू झाला." गरज नसेल तेव्हा ते वाक्य काढून टाकायचं. असली तर टिंबांच्या जागी नाव भरायचं.

वडीगोद्रीच्या अलीकडे महामार्गाला लागून एक गाव आहे. गावाचं नाव देत नाही. त्या घराला पुन्हा त्रास नको. रस्ता चौपदरी झाला तेव्हा घरं पूर्वेला राहिली आणि शेतं, विहिरी, गोठे पश्चिमेला. आधी जो रस्ता चार ढांगांत पार व्हायचा तो आता चार पट्टे आणि मधला दुभाजक. रस्त्याखालून एक बोगदा करून द्या, माणसं आणि बैलगाडी जाईल एवढा, ही गावाची मागणी. ती घेऊन आले दगडूआबा.

साठीच्या आसपासचा, उंच, काटक माणूस. धोतर, सदरा, खांद्यावर टॉवेल. निवेदनावर सत्तरएक सह्या आणि अंगठे होते, आणि सगळ्यात वर ठसठशीत अक्षरात त्यांची सही. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी नाव वाचून वर पाहिलं तसे ते हसले.

"माह्या आधी तीन गेले, पीएसाब. मंग मायनं माहं नाव दगडू ठिवलं. यमाला वाटावं, धोंडा हाय, ह्याला काय न्यायचं."

"मग? फसला का यम?"

"आजवर तरी फसून राह्यला."

बोगद्याचं काम मला पटलं होतं. मी त्याच दिवशी मसुदा केला. रस्ता ओलांडताना काही शेळ्या गेल्या होत्या, एका बाईचा पाय मोडला होता, एका म्हशीला ट्रकने उडवलं होतं. माणूस कुणी गेलेला नव्हता. मी ते मृत्यूचं वाक्य काढून टाकलं आणि मसुदा दिल्लीला पाठवला.

अधिवेशन चालू होतं. दिल्लीत साहेबांचं काम मिश्राजी पाहायचे. दोन दिवसांनी सकाळीच त्यांचा फोन आला. कागद थोड्या वेळात द्यायचा होता आणि त्यांना तो हलका वाटत होता. शेळ्यांचं कोण वाचणार, म्हणाले. मी म्हटलं, पाय मोडलाय एका बाईचा. मग अगदी साध्या आवाजात, किराणा मालाची यादी विचारावी तसं त्यांनी विचारलं, "कोई मरा नहीं क्या?"

नाही म्हणायला मला वेळ लागला नसता. पण आबांचा, गावाचा तो कागद मला पुढे जायला हवा होता. मी म्हटलं, "एक मेलाय."

"नाम बोलिए."

समोर निवेदन उघडं होतं. सगळ्यात वरचं नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी ते वाचलं. वय विचारलं, तर साठ म्हणालो. पलीकडे टाइप करण्याचा आवाज येत होता. नाव पुरं व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ लागला.

फोन ठेवल्यावर मी चहा मागवला. तेव्हा मला काही वाटलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. कोण वाचणार आहे, हाच विचार. त्या आठवड्यात सभागृहात गोंधळ होता. आमचा कागद पटलावर ठेवला गेला. कुणी मोठ्याने वाचला नाही, कुणी ऐकला नाही. एक जिवंत माणूस मेल्याची नोंद देशाच्या संसदेत झाली, आणि तेव्हा तो माणूस वडीगोद्रीजवळच्या शेतात तुरीला पाणी देत असेल.

पंधरा दिवसांनी आबा आले. चप्पल काढून आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "गेलं का माहं नाव दिल्लीला?"

मी गेलं म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उजळला की मी नजर टेबलावर वळवली. त्यांना वाटलं होतं, निवेदनावरच्या सह्यांसकट कागद मंत्र्यासमोर ठेवतात. मी ती समजूत मोडली नाही. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, की नाव छापून येतं म्हणतात ते खरं का. वंशीलालजी तिथेच पेपर वाचत होते. ते उत्साहाने म्हणाले, बराबर, संसदेचं पुस्तक निघतं, त्यात सगळं छापतात. आबा म्हणाले, तेवढं एक पान द्या पीएसाब, घरात लावतो. मी म्हटलं, पुस्तक यायला वेळ लागतो.

पान माझ्याकडे आलेलं होतं. खणात होतं. मी ते वाचलेलंही होतं. हिंदीत होतं: अमुक गावचे रहिवासी, वय साठ, रस्ता पार करताना अपघातात मृत्यू. खालच्या ओळीत बोगद्याची मागणी. छापील अक्षरात आपण लिहिलेलं खोटं फार स्वच्छ दिसतं.

मंत्र्यांच्या उत्तराचं पाकीट आलं तेव्हा आबा माझ्यासमोर बसलेले होते. त्या दिवशी त्यांची निर्जळी एकादशी होती, म्हणून मागवलेला चहा तसाच होता, साय धरलेला. मी पाकीट फोडलं. अशा उत्तरांची मला सवय होती. "विचाराधीन आहे" म्हणजे नाही. "तपासून पाहू" म्हणजे नाही. "तांत्रिकदृष्ट्या व्यवहार्य नाही" म्हणजेही नाहीच, पण निदान कुणीतरी नकाशा पाहिलाय. यात तसं काही नव्हतं. लिहिलं होतं, की स्थानिक कार्यालयाकडून चौकशी केली. उल्लेखिलेल्या व्यक्तीचा मृत्यू सदर ठिकाणी झाल्याचं खरं आहे. दुपारच्या वेळी पश्चिमेकडून पूर्वेकडे पायी जात असताना चारचाकी वाहनाची धडक बसली.

मी वर पाहिलं. आबा खिडकीतून खाली रस्त्यावर बघत होते.

दुपार, पश्चिमेकडून पूर्वेकडे, पायी, चारचाकी. यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. मी फक्त मेल्याचं लिहिलं होतं. बाकी सगळं कुणीतरी भरलं होतं. मनाला समजावलं, की कुठल्यातरी उपविभागात माझ्यासारखाच एक माणूस बसला असेल, त्याच्याकडेही टिंबं सोडलेला मसुदा असेल, प्रत्यक्ष जाऊन बघायला वेळ नसेल, आणि वरून आलेला कागद खोटा कसा म्हणायचा म्हणून त्याने टिंबं भरली असतील. आजही मला तेच खरं वाटतं. तरीही समोर बसलेल्या माणसाच्या मरणाचा तपशील हातात धरून मी बसलो होतो.

"काय म्हणते दिल्ली?" आबांनी विचारलं.

उत्तराच्या शेवटी चांगली गोष्ट होती. मूळ अर्जदाराने ग्रामसभेच्या ठरावासह पुन्हा पत्र दिल्यास बोगद्याचा प्रस्ताव पुढच्या कामांत घेता येईल, असं लिहिलं होतं. माझ्या नोकरीत एवढं सरळ उत्तर मी क्वचित पाहिलं. आबांना मी ठराव लागेल एवढं सांगितलं. मूळ अर्जदाराच्या सहीचं काही बोललो नाही.

ठराव आठ दिवसांत आला. सोबत नवीन पत्र. वर पुन्हा तीच ठसठशीत सही.

आता माझी अडचण वाचकांच्या लक्षात आली असेल. हे पत्र वर पाठवलं, तर मेलेल्या माणसाची सही वर गेली असती. कुणीतरी दोन कागद शेजारी ठेवले असते. साहेबांनी सभागृहात खोटी माहिती दिली, असा अर्थ निघाला असता, आणि ती मी दिली असं निघालं असतं. मी आबांना म्हटलं, या वेळी सरपंचांची सही वर घेऊ या. सगळ्या गावाचं काम आहे.

त्यांना ते लागलं. त्यांनी पत्रावरच्या आपल्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माहं नाव गेलेलं हाय ना तिकडं? मंग ओळखीचंच नाव ऱ्हाऊ द्या. नव्या माणसाला कोण वळखंल?"

मी पत्र ठेवून घेतलं. या अधिवेशनात नाही, पुढच्यात, असं म्हणालो. पुढच्यातही पुढच्यात म्हणालो. ते पत्र मी पाठवलंच नाही. कार्यालयात एक लोखंडी कपाट होतं, त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ते होतं. सरळ साहेबांकडे जाऊन चूक कबूल केली असती, तर नोकरी गेली असती, फार तर पेपरात चार ओळी आल्या असत्या. आणि बोगदा कदाचित झाला असता. मी मोजमाप केलं आणि गप्प राहिलो. मृत्यूचं वाक्य एका फोनमध्ये लिहून झालं होतं. हे गप्प राहणं मी महिनोन्महिने, रोज सकाळी कार्यालय उघडून, शुद्धीवर राहून केलं.

आबा येत राहिले. त्यांच्या चपलांचा जिन्यावरचा आवाज मला ओळखू यायचा. आवाज आला की मी दाराकडे बघत राहायचो, आणि माणूस दारात उभा राहिला की सुटल्यासारखं वाटायचं. हे उलटं होतं. पण तसंच होतं. मी त्यांना निरखून पाहायला लागलो होतो. सावली पडते का, हे पाहण्याइतका मी खुळा नाही. पण एकदा खिडकीतून ऊन येत होतं, आणि मी ते पाहिलं, हे खरं आहे. सावली होती.

माघ संपत आला होता तेव्हा एकदा ते उशिरापर्यंत बसले. बोगद्याचं विचारलं नाही. टॉवेलाने मान पुसत म्हणाले, "पीएसाब, एक येगळंच होऊन राह्यलं. आजकाल गाड्या मला पाहातच न्हाईत."

मी विचारलं, म्हणजे काय.

"आधी म्या हात केला की जरा तरी हळू करायचे. शिव्या घालायचे, पर पाहायचे. आता बिलकुल न्हाई. म्या उभा ऱ्हातो, हात करतो, अन् ते असे जातात, जसं काय तिथं कुणीच न्हाई. परवा विष्णूला म्हणलं, तर तो म्हणे आबा, तुमची नजर कमी झाली. आता गाडीवाल्यानं मला पाहायचं, तर माही नजर कशी काय कमी झाली?"

विष्णू म्हणजे त्यांचा मुलगा. मी म्हटलं, नवीन रस्ता गुळगुळीत आहे, वेग वाढलेत. टोपी लाल घाला. ते हसले आणि जायला उठले. मी जिन्यापर्यंत गेलो. दुपारी घरी जेवायला जाऊ नका आबा, शेतातच भाकरी मागवत जा, असं मी म्हणालो. त्यांनी वळून पाहिलं. दुपारचं का म्हणालो, हे त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं, तेव्हा त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण हे सोयीचं वाटणं आहे. विचारायची वाट न बघताही सांगता येतं.

चैत्रात विष्णूचा फोन आला. आवाज अगदी कोरडा होता. साहेबांना कळवा म्हणाला, आबा गेले. मी विचारलं, कधी. दुपारी, म्हणाला. शेतातून जेवायला येत होते. म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे. पायीच. दुभाजकाच्या अलीकडे नव्हे, पलीकडे. अर्धा रस्ता झाला होता. जीपवाला थांबला होता, पळाला नाही. तो रडत एकच सांगत होता, की समोर कुणीच नव्हतं.

मी फोन ठेवला आणि खण उघडला. उत्तरातली ओळ पुन्हा वाचली. पोलिसांच्या पंचनाम्यात पुढे हेच शब्द आले, जवळजवळ त्याच क्रमाने. मी योगायोगावर विश्वास ठेवणारा माणूस आहे. त्या गावातला प्रत्येक जण दुपारी पश्चिमेकडून पूर्वेकडेच येतो, जेवायला. त्या रस्त्यावर मरण यायचं तर असंच येणार, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं आहे. एवढं सोपं होतं तर ते टाळणंही सोपं होतं, हे त्याच्या पाठोपाठ येतं. आईने ज्याला यमापासून लपवून ठेवायला धोंड्याचं नाव दिलं, त्याचं नाव, वय आणि गाव मी फोनवरून सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी मी मिश्राजींना फोन केला. म्हटलं, नवा कागद देऊ, खरोखरचा मृत्यू झालाय, बोगदा आता झालाच पाहिजे. नाव सांगितलं. त्यांनी संगणकात पाहिलं. मला पुन्हा त्या बटणांचा आवाज ऐकू आला.

"ये तो पहले से मरा हुआ है," ते म्हणाले. वैतागही नव्हता आवाजात. तेच नाव, तेच गाव, तीच जागा. हा विषय मांडून झालाय, उत्तर आलंय, मूळ अर्जदाराने पाठपुरावा केला नाही म्हणून प्रकरण बंद झालंय. एका माणसाला दोनदा कसं मारणार?

पहिला खोटा होता, असं म्हणण्याची ती शेवटची संधी होती. मी म्हणालो, हो का, माझ्या लक्षात आलं नाही. कार्यवाहीत आबांचं खरं मरण कुठेच नाही. तिथे माझंच लिहिलेलं आहे. आता सगळं संगणकावर कुणालाही दिसतं. कुणी शोधलं तर आबा तुरीला पाणी देत होते त्या महिन्यात मेलेले सापडतात, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर मस्तगडचा जिना चढून माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या माणसाची नोंद कुठल्याच कागदावर नाही. खालच्या कप्प्यातलं पत्र मी त्या फोननंतर लगेच फाडून टाकलं होतं.

नोकरी संपली. निरोपाला वंशीलालजींनी शाल दिली आणि जोधपूरच्या गाडीचं पुन्हा एकदा विचारलं. पुढे किती तरी महिने मी घरात बसून होतो. दुपारी बारानंतर मला जेवण जात नसे. शेवटी गेल्या वर्षी उन्हाळ्यात कार्यवाहीचं पान आणि ते उत्तर, दोन्ही कागद पिशवीत घातले आणि वडीगोद्रीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं. चार वाक्यं होती. वहिनी, आबांचं मरण मी ते जिवंत असताना लिहिलं. ते उघडं पडू नये म्हणून त्यांचं दुसरं पत्र दाबलं. ते गेलं असतं तर बोगदा झाला असता. मला माफ करा.

जालन्याहून येणारी बस गावाच्या बाजूलाच थांबते, म्हणून जाताना रस्ता ओलांडावा लागला नाही. विष्णू शेतात होता. गयाबाई, आबांच्या मंडळी, घरी होत्या. मला त्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण नाव सांगताच ओळखलं. आबा माझ्याबद्दल खूप सांगायचे म्हणाल्या. पीएसाब चहा पाजल्याशिवाय सोडत न्हाईत, म्हणायचे. मग त्यांनीही चहा ठेवला. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. फोटोखाली खिळा मारून ठेवला होता, मोकळाच.

"ते म्हणायचे, दिल्लीच्या पुस्तकात नाव आलंय त्याह्यचं," गयाबाई म्हणाल्या. "तेवढा कागद मिळाला तर बघा भाऊ. इथं लावू म्हणून खिळा मारलेला हाय."

पिशवी माझ्या मांडीवर होती. विष्णूच्या मुलीला हिंदी वाचता येत असणार. तिची शाळेची पुस्तकं कोपऱ्यात होती. मी शोधतो म्हणालो. मग शेजारच्या दोघी-तिघी आल्या, पीक, लग्नं, आरक्षणाचं उपोषण असं बोलणं निघालं, आणि माझी वेळ होऊन गेली. मी उठलो. परतीची बस रस्त्याच्या पलीकडे थांबते. गयाबाई म्हणाल्या, चला, मी सोडते. तुमाला सवय न्हाई.

दुपार होती. रस्ता दोन्हीकडे रिकामा वाटत होता, पण लांबवर डांबरावर पाण्यासारखं हलत होतं आणि त्यातून गाडी कधी निघेल ते कळत नव्हतं. त्यांनी माझा हात मनगटाशी धरला. हात खरखरीत होता, पकड घट्ट. दोन पट्टे पार करून आम्ही दुभाजकावर उभे राहिलो. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मला वाटलं, आता.

"वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचं आहे."

"पल्याड गेल्यावर सांगा. इथं बोलायचं न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांची नजर रस्त्यावरून हलली नाही. "गावात ठरलेलं हाय तसं. ते गेल्यापासून."

एक टेम्पो गेला, पाठोपाठ दोन ट्रक. वाऱ्याने त्यांचा पदर उडाला. मग त्यांनी मला ओढलं आणि आम्ही पलीकडे आलो. त्यांनी हात सोडला, पदर नीट केला आणि माझ्याकडे वळल्या.

"हं. सांगा भाऊ."

चारही वाक्यं तोंडात होती. पहिलं सुरूही झालं. वहिनी, म्हणालो, आणि पुढचं जे आलं ते नोकरीतल्या बावीस वर्षांच्या सवयीने आलं.

"नवा अर्ज करा म्हणत होतो. बोगद्यासाठी. मी लिहून देतो."

बस येताना दिसत होती.

"करू की," त्या म्हणाल्या. "कुणाच्या नावानं करायचा?"

"कळवतो," मी म्हणालो, आणि बसमध्ये चढलो.